शिंप्याच्या तारेतली घरपट्टी : बिल आपल्याच हातात पडावं म्हणून काय करायचं

चौतीस वर्षं मी सांगलीत टपाल वाटलं. आधी सायकलवर, शेवटची काही वर्षं गाडीवर. गावभागात कुठल्या वाड्याची कडी वाजवायची आणि कुठे नुसती हाक मारायची, कुठलं कुत्रं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. २०१८ साली निवृत्त झालो. खांद्यावरची पिशवी गेली आणि तिच्या जागी किल्ल्यांचे चार जुडगे आले. एक आमच्या स्वतःच्या घराचा. एक धाकट्या भावाच्या, सांगलीतल्याच विश्रामबागच्या फ्लॅटचा, तो असतो ठाण्यात. एक तासगाव तालुक्यातल्या गावाकडच्या घराचा. आणि चौथा सासुरवाडीचा, साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत. माणसं बाहेरगावी, घरं कुलुपात, घरपट्टी मात्र चारही ठिकाणी चालू. एप्रिल लागला की आमची ही म्हणते, “निघाले पोस्टमन ड्युटीवर.”

या कामात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल.

सासरे २०१४ ला गेले. साताऱ्याचं घर त्यांच्याच नावावर राहिलं. खालच्या खोलीत एक शिंपी भाडेकरू, वरचा मजला बंद. मेहुण्याला वाटायचं की घरपट्टी मी भरतो, कारण किल्ली माझ्याकडे. मला वाटायचं तो भरतो, कारण घर त्याचं. पाच वर्षांनी त्याला घरावर कर्ज काढायचं झालं आणि बँकेने थकबाकी नसल्याचा दाखला मागितला. आम्ही दोघं कर विभागाच्या खिडकीशी उभे. मी छाती काढून म्हणालो, “साहेब, बिलच आलेलं नाही. मी पोस्टात होतो, बजावणी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.” क्लार्क काही बोलला नाही. त्याने वाटपाची वही काढली, पानं उलटली आणि ती माझ्याकडे फिरवून ठेवली. पाच वर्षं, पाच सह्या. पाचही शिंप्याच्या.

आम्ही तडक त्याच्या दुकानात. मशीनच्या वर भिंतीला ती जुन्या पद्धतीची तार होती, खाली लाकडी चकती आणि वर आकडा. तारेत गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. उंची, छाती, बाही, शेजारी कापडाचा कोपरा टाचलेला. त्यांच्या बुडाशी, एकाखाली एक, आमची पाच बिलं. एकाच्या तर ‘एकूण मागणी’च्या आकड्याच्या बरोबर मधून तार गेलेली. शिंपी म्हणाला, “आप्पांच्या नावाचं यायचं. आप्पा तर गेले. म्हटलं, कोण आलं की देऊ. तुम्ही आलाच नाहीत की.”

यात चुकलं कुणाचं? पालिकेचं नाही, शिंप्याचं तर मुळीच नाही. भरलेल्या रकमेत निम्म्याहून थोडा जास्त कर होता आणि उरलेली जवळजवळ सगळी शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. शास्ती दरमहा २ टक्के. वर्षाचे २४. म्हणजे पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी होते. चार हजाराचा कर चार वर्षं दोन महिने पडून राहिला की आठ हजार.

तेव्हापासून मी कायदा नीट वाचला. वकिलासारखा नव्हे, पोस्टमनसारखा: कागद कुणाच्या हातात पडला की तो ‘पोचला’ असं धरायचं, एवढंच शोधत.

तर पहिलं काम, आपलं घर कुठल्या कायद्याखाली येतं ते बघा. माझ्या चार जुडग्यांत तिन्ही नमुने आहेत. सांगलीची दोन्ही घरं सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेत. ही महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ ची, आणि तिला लागू कायदा १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. कराचे बारीक नियम त्याला जोडलेल्या अनुसूचीत आहेत. साताऱ्याला नगरपालिका, तिथे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा. गावाकडे ग्रामपंचायत, तिथे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि कर व फी यांचे १९६० चे नियम. महापालिकेत तुमची गाठ कर निर्धारक व संग्राहकाशी, नगरपालिकेत कागद मुख्याधिकाऱ्याच्या नावे, आणि गावात ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवकाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण आमच्या गावात अजून ‘भाऊसाहेब’च चालतं.

तुमचं घर शहराच्या कडेला असेल तर हेही गृहीत धरू नका. साताऱ्याची हद्दवाढ २०२० च्या सप्टेंबरात झाली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखे भाग नगरपालिकेत आले. तोवर तिथे ग्रामपंचायतीचा शिपाई बिल घेऊन यायचा. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाने ग्रामपंचायतीत दिलेला आपला पत्ता नव्या दप्तरात आपोआप आला असेल असं समजू नये. हद्द बदलली की पत्ता नव्याने द्यायचा.

आता बजावणी, म्हणजे बिल किंवा नोटीस रीतसर पोचवणं. तिन्ही कायद्यांत पहिलं वाक्य जवळपास एकच: कर देय झाला की विनाविलंब बिल द्यायचं. कसं द्यायचं, त्याच्या पायऱ्या आहेत. आधी ज्याचं बिल त्याच्या हातात. तो भेटला नाही तर त्याच्या राहत्या घरी ठेवायचं, किंवा घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं. माणूस गावात राहतच नसेल आणि त्याचा बाहेरचा पत्ता कार्यालयाला *माहीत असेल*, तर टपालाने पाठवायचं. आणि यातलं काहीच जमलं नाही तर घराच्या दर्शनी भागावर डकवायचं.

‘माहीत असेल’ हे शब्द मी मुद्दाम ठळक केले. टपाल ही तिसरी पायरी आहे आणि तिची किल्ली तुमच्या हातात. पत्ता दप्तरात नसेल तर ते पायरी गाळून सरळ चौथीवर जाऊ शकतात. दारावर कागद, त्याचा पंचनामा किंवा फोटो, आणि कायद्याच्या लेखी बिल तुम्हाला मिळालं. मग तो कागद पहिल्या वळवाने भिजवला, शेळीने खाल्ला की पोरांनी त्याची होडी केली, हा पुढचा प्रश्न.

लोकांना वाटतं घरपट्टी पोस्टाने येते. चौतीस वर्षांत मी घरपट्टीची बिलं मोजकीच वाटली असतील, आणि तीही बाहेरगावाहून इथे आलेली. शहरातली बिलं पालिकेची किंवा तिने नेमलेली माणसं वाटतात. मार्चअखेरीच्या आसपास वॉर्डात एखादा पोरगा पिशवी घेऊन फिरताना दिसला तर त्याला पाणी विचारा. त्याच्याकडून बिल घेताना सही करणार असाल तर तारीखही घाला. सही झाली की दिवस मोजायला लागतात. नगरपालिकेच्या कायद्यात बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर मागणीची नोटीस निघू शकते, आणि त्या नोटिशीनंतर आणखी पंधरा दिवसांनी जप्तीच्या वॉरंटापर्यंत गाडी जाते. प्रत्यक्षात इतक्या घाईने कुणी येत नाही, पण कायद्यात घड्याळ तेच आहे. महापालिकेत कर दोन हप्त्यांत, पहिला १ एप्रिलला आणि दुसरा १ ऑक्टोबरला देय होतो. शेवटची तारीख आणि लवकर भरल्याची सवलत बिलावर छापलेली असते, ती तिथेच वाचा, शेजाऱ्याला विचारू नका. शेजारी मागच्या वर्षीचं सांगतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला वर्ष लागलं. ‘बिल मिळालंच नाही’ हे म्हणणं जप्तीविरुद्ध वापरता येतं, कारण बिल आणि नोटीस न बजावता वॉरंट काढता येत नाही. पण त्याने कर माफ होत नाही. कर लागतो तो आकारणी वहीतल्या, म्हणजे कुठल्या घराला किती कर ते लिहिलेल्या वहीतल्या नोंदीमुळे. बिल म्हणजे त्या नोंदीची आठवण. शिंप्याच्या सह्या चालतात की नाही यावर एखाद्या वकिलाने चार तारखा काढल्या असत्या. आम्ही भरून मोकळे झालो. मेहुणा अजून म्हणतो की भांडायला हवं होतं. त्याने भांडावं, वकिलाची फी त्याची.

दुसरं काम, उतारा काढा. महापालिकेत, नगरपालिकेत याला असेसमेंट उतारा किंवा मालमत्ता कराचा उतारा म्हणतात. गावाकडे नमुना आठचा उतारा, म्हणजे आकारणीची नोंद. मागणी असते नमुना नऊला, मागणीचं बिल नऊ-क, आणि पैसे भरल्याची पावती नमुना दहा. हे आकडे पाठ करा, कारण ग्रामपंचायतीत “घराचा कागद द्या” म्हटलं की समोरचा “कुठला?” विचारतो आणि आपण गप्प. “आठचा द्या” म्हटलं की तो खुर्चीत सरळ बसतो. हे दाखले लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, २०१५ च्या. किती दिवसांत द्यायचे ते कार्यालयातल्या फलकावर असतं. फलक कपाटाच्या मागे गेला असेल तर वाकून बघा.

उताऱ्यावर पाच गोष्टी तपासा: मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं (घर प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं) नाव, पत्ता, मोबाईल. भावाच्या फ्लॅटच्या उताऱ्यावर आधीच्या मालकाचा मोबाईल निघाला. सहा वर्षं आमच्या घरपट्टीचे मेसेज त्या माणसाला जात होते. बिचारा पुसून टाकत असेल. चूक धाकट्याची, नाव लावून घेताना नंबर द्यायचाच राहिला.

पत्त्याबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलू द्या, तो माझा प्रांत आहे. लोक पत्ता लिहितात तो आपल्याला ओळखणाऱ्या माणसासाठी: ‘मारुतीच्या देवळामागे, गोखल्यांच्या शेजारी’. गोखले वीस वर्षांपूर्वी पुण्याला गेले. दप्तरात पत्ता द्यायचा तो अनोळखी माणसासाठी. घर क्रमांक, इमारतीचं नाव, मजला, रस्ता किंवा पेठ, शहर, पिन. पिन अंदाजाने घालू नका. सांगली गावाचा ४१६ ४१६, मिरजेचा ४१६ ४१०, तासगावचा ४१६ ३१२. म्हणून सांगली जिल्हा म्हणजे ४१६ असं वाटतं. पण विट्याचा ४१५ ३११ आहे, साताऱ्याच्या बाजूचा. विट्याला ४१६ लिहिलेली पत्रं आमच्याकडे येऊन उलटी जायची. आठवडा जायचा. पंधरा दिवसांच्या मुदतीत आठवडा म्हणजे निम्मं.

मग अर्ज. बाहेरगावी राहत असाल तर हा अर्ज यातलं सगळ्यात मोलाचं काम, आणि बहुतेक लोक नेमका हाच करत नाहीत. छापील नमुना असला तर तो भरा, नाहीतर कोऱ्या कागदावर असं लिहा:

“विषय : मालमत्ता क्र. ——— साठी पत्रव्यवहाराचा पत्ता नोंदवणेबाबत.

महोदय, वरील मिळकत माझ्या नावे आहे. मी सध्या खालील पत्त्यावर राहतो व सदर मिळकत बंद असते (किंवा भाड्याने दिलेली आहे). तरी या मिळकतीची सर्व बिले, मागणी नोटिसा व आकारणीसंबंधीच्या नोटिसा यापुढे खालील पत्त्यावर टपालाने पाठवाव्यात आणि सोबत दिलेला मोबाईल क्रमांक नोंदवावा. सोबत शेवटच्या पावतीची व ओळखपत्राची प्रत जोडली आहे.”

‘आकारणीसंबंधीच्या नोटिसा’ हे शब्द गाळू नका. बिल चुकलं तर शास्ती बसते, पण फेरआकारणीची नोटीस चुकली तर वाढलेला कर वर्षानुवर्षं बसतो. नगरपालिकेत दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते. यादी प्रसिद्ध होते, हरकतीला ठरावीक दिवस मिळतात, ते गेले की आकडा पक्का. आमच्या साताऱ्याच्या घराचा वरचा मजला बंद, पण भाड्याने दिल्यासारखा धरला गेला होता. हरकत घेतली तेव्हा पाहणी झाली आणि दुरुस्ती झाली. नोटीस वेळेत हातात पडली म्हणून.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर घ्या. “राहू द्या की, होईल काम” असं गोड बोलून कुणी पोच टाळत असेल तर तुम्हीही तेवढंच गोड बोला, पण हलू नका. जाणं जमत नसेल तर टपालाने पाठवा आणि पावती जपा. रजिस्टर्ड पोस्ट मागू नका, ते १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. हे लिहितानाही मला कसंतरीच होतं; निम्मं आयुष्य त्या निळ्या उभ्या-आडव्या रेघांच्या लिफाफ्यांनी खाल्लं. दोन महिन्यांनी पुन्हा उतारा काढून पत्ता खरंच चढला का ते बघा. पोच म्हणजे अर्ज पोचला एवढंच, काम झालं असं नाही.

टपालाने बिल यायला लागलं की नवा घोटाळा सुरू होतो: माणूस घरी नाही. सहीचं टपाल असेल आणि दार बंद असेल तर पोस्टमन सूचना टाकतो आणि पाकीट पोस्टात ठेवतात, साधारण सात दिवस. ती चिठ्ठी जाहिरातींच्या कागदांत जाते. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर शेजारच्या माणसाला तुमचं टपाल घ्यायचं अधिकारपत्र द्या आणि त्याची एक प्रत तुमच्या बीटच्या, म्हणजे तुमच्या भागात टपाल वाटणाऱ्या पोस्टमनच्या हातात ठेवा. आणि एक कानमंत्र: पालिकेचं पाकीट बघून “आम्ही घेत नाही” म्हणू नका. माझ्या बीटवर असे शहाणे होते. पोस्टमनला पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारावा लागतो, आणि नीट पत्त्यावर पाठवलेलं, नाकारलेलं पाकीट कायदा पोचलेलंच धरतो. फक्त आत काय लिहिलंय ते तुम्हाला कळत नाही. यापेक्षा ‘घर बंद’ शेरा परवडला, निदान तो खरा असतो.

नाव बदलायचं राहिलं असेल तर ते पत्त्याच्याही आधी करा. महापालिकेच्या नियमांत खरेदी, बक्षीसपत्र वगैरे असेल तर दस्तापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि मालक वारला तर वारसाने एका वर्षात. कळवलं नाही तर जुन्या मालकाची कराची जबाबदारी सुटत नाही. घर विकून तीन वर्षं झालेल्या माणसाच्या नावाने मागणीची नोटीस आलेली मी स्वतः नेऊन दिलीय. तो मलाच बोलला. मेलेल्या माणसाच्या नावाने येणारं बिल घरात कुणाचंच नसतं, हे तर आम्ही तारेत बघितलं. मृत्यू दाखला, वारसांचे कागद, शेवटची पावती घेऊन वारसनोंदीचा अर्ज द्या. भावांत वाटणीवरून वाद असेल तरी सगळ्यांची नावं लावून घेता येतात. घरपट्टीच्या वहीत नाव लागल्याने मालकी ठरत नाही. एवढं भावाला समजावलंत तर तोही सहीला तयार होतो. आमचा झाला, तिसऱ्या चहाला.

साताऱ्याच्या बाजूला घराघरांत फौजी. त्यांच्यासाठी एक जाता जाता: माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट द्यायची राज्याची योजना २०२० पासून आहे. पण अर्ज केल्याशिवाय ती बिलात दिसत नाही. घर सैनिकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर लागलेलं नसेल तर तिथेच अडतं. पुन्हा नावच.

आता माझा एप्रिल कसा जातो ते सांगतो. पहिल्या आठवड्यात बिलाची वाट न बघता चारही मालमत्ता क्रमांक घेऊन बसतो. महापालिकेचं संकेतस्थळावर दिसतं. ग्रामपंचायतीसाठी ‘महा ई-ग्राम’ नावाचं ॲप आहे, पण आमच्या गावात मी फोनच करतो. साताऱ्याला मी जातो. एसटीने. शिंप्याकडे चहा होतो. मोबाईलवर ‘थकबाकी भरा नाहीतर नळ तोडू’ असा मेसेज आणि खाली लिंक आली तर ती उघडत नाही. क्रमांक स्वतः टाकून अधिकृत ठिकाणी बघतो. अशा मेसेजने आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचे सात हजार गेले, आणि त्यांची घरपट्टी तर मार्चातच भरलेली होती.

बिल हातात आलं की आधी खालची एकूण रक्कम बघायची खोड मोडा. वरून वाचा. कालावधी कुठला, मिळकत आपलीच का, मग ‘मागील थकबाकी’. त्या रकान्यात काही असेल आणि तुम्ही मागच्या वर्षी भरलं असेल तर पावती काढा. भरलेली रक्कम दुसऱ्याच मालमत्ता क्रमांकावर जमा झाली असं होतं, ऑनलाइन भरताना एक आकडा चुकला की. मग चालू कर, त्यात सामान्य कराबरोबर शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे असतात. मग शास्ती. ती कुठल्या रकमेवर, किती महिन्यांची, ते बोटांवर मोजा. न भरल्यास काय होईल आणि अपील किती दिवसांत करायचं, हेही बिलावर असायला हवं. बारीक अक्षरात मागे असतं, चष्मा लावा.

बिल चुकीचं वाटलं तर भरायचं थांबवून भांडू नका. भांडण चालू असताना दरमहा २ टक्के वाढत असतात आणि महापालिकेच्या कायद्यात अपिलाला जायचं तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते. मी करतो ते असं: हरकतीचा अर्ज देतो, पोच घेतो, आणि ‘हरकतीचा हक्क राखून’ असं अर्जात लिहून चालू रक्कम भरतो. कमी ठरली तर पुढच्या बिलात वळती करून घेता येते.

बिल आलंच नाही आणि मे उजाडला? लेखी मागा. दोन ओळी पुरतात, मालमत्ता क्रमांक घालून: सदर वर्षाचे बिल प्राप्त झालेले नाही, दुसरी प्रत द्यावी. तोंडी विचारलेलं हवेत जातं. हाच कागद पुढे शास्तीवर बोलताना तुमच्या हातात असतो.

आणि दारावर नोटीस डकवलेली दिसली तर ती फाडू नका. आधी दारासकट फोटो काढा, तारीख दिसेल असा. मग जमेल तशी सोडवून घ्या. वर ‘मागणी नोटीस’ लिहिलंय की ‘वॉरंट’ ते बघा. मागणी नोटीस असेल तर अजून दिवस आहेत, वॉरंट असेल तर त्याच दिवशी जा. बंद घराच्या शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा की दाराला कागद दिसला तर फोटो पाठव. मी आमच्या सगळ्या शेजाऱ्यांना दिवाळीचा फराळ देतो तो याच्याचसाठी, असं आमची ही म्हणते.

पावत्यांचं एक सांगायचं राहिलं. कृष्णेला आयर्विन पुलाशी चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे गावभागातल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. आमच्या खालच्या कपाटातल्या पावत्यांचा लगदा झाला. त्यातल्या काही मी दोरीवर वाळत घातल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी. शाई उडाली, शिक्के तेवढे राहिले. तेव्हापासून पावती हातात पडली की तिथेच खिडकीशी फोटो, मग भावाला, मेहुण्याला पाठवायचा, आणि मूळ कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक घराचा वेगळा लिफाफा, वर मालमत्ता क्रमांक मोठ्या अक्षरात.

साताऱ्याचं घर आता मेहुण्याच्या नावावर आहे, पत्ता पुण्याचा, मोबाईल त्याचा. तरी वाटप करणारा पोरगा शिंप्याच्या दुकानात डोकावतोच, सवयीने. यंदा शिंप्याने बिल घेतलं नाही. “मालक पुण्यात असतात, पत्ता तुमच्याकडं हाय,” म्हणून परत पाठवलं आणि मला फोन केला. मी मेहुण्याला कळवलं, आठ दिवसांनी त्याच्याकडे पाकीट आलं. पिन बरोबर होता.